गाडी दर वेळी फलाटाच्या पुढे जाते? ट्रेन सिम्युलेटरमधलं ओव्हरशूट आटोक्यात आणायचं कसं

तक्रार एकच असते, फक्त शब्द वेगळे. सिग्नल पाळले, वेगमर्यादा पाळली, वेळेत आलो आणि दादरला चार डबे फलाटाबाहेर. पुढचं स्टेशन जीव मुठीत धरून घेतलं, तर गाडी फलाटाच्या अलीकडेच थांबली. त्याच्या पुढच्या स्टेशनला परत चार डबे बाहेर. ट्रेन सिम्युलेटर नव्याने शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडकतो. बरं, एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं असंही नाही. लोकल हाताखाली आली की एक्स्प्रेसला हाच त्रास होतो, एक्स्प्रेस जमली की मालगाडीला. म्हणूनच ‘होईल सवय हळूहळू’ हा सल्ला मला पटत नाही. सवय त्या एका गाडीची होते आणि गाडी बदलली की तीच सवय गोत्यात आणते.

मूळ घोळ असा आहे की नवखा माणूस फलाट बघून ब्रेक लावतो. ब्रेक कुठे लावायचा हे वेग आणि अंतर ठरवतं. तो लागला की नाही हे दाबाचा काटा सांगतो. फलाट डोळ्यांना नीट दिसायला लागतो तोवर निर्णयाची वेळ बहुतेकदा टळलेली असते.

खाली कळांची नावं दिली आहेत ती ओपन रेल्सची. हा सिम्युलेटर फुकट आहे, २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी लोकांनी बनवलेले रूट आणि गाड्या त्यात चालतात, त्यामुळे आपली इंजिनं आणि डबेही मिळतात. तुम्ही दुसरं काही खेळत असाल तर कळा बदलतील, ब्रेकचं गणित तेच राहील.

आधी निदान: चूक सारखी आहे की बदलती?

काहीही बदलण्याआधी चार-पाच स्टेशनं घ्या आणि गाडी कुठे थांबते ते नुसतं बघा. दर वेळी साधारण तेवढेच डबे पुढे जात असतील तर तुमचा हात ठीक आहे, ब्रेक फक्त उशिरा लागतोय. हा सगळ्यांत सोपा प्रकार. कधी पाच डबे पुढे आणि कधी शंभर मीटर अलीकडे असं होत असेल, तर ब्रेक कुठे सुरू केला हा प्रश्नच नाही. लावणं-सोडणं यातली तुमची खेचाखेच नडतेय. आणि पहिलं स्टेशन बरं गेलं, दुसऱ्याला गाडी जड वाटली, तिसऱ्याला ब्रेक लागेचना, असा क्रम असेल तर गाडीतली हवा संपतेय. तिन्ही दुखणी वरून सारखीच दिसतात, औषधं मात्र वेगळी आहेत.

दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी मात्र लगेच तपासून टाका. पहिली, कळा. ओपन रेल्समध्ये डी दाबल्यावर पॉवर वाढते आणि ए दाबल्यावर कमी होते. ट्रेन सिम्युलेटर क्लासिकमध्ये नेमकं उलटं आहे. एका गेममधून दुसऱ्यात आलेला माणूस फलाट जवळ आला की घाईघाईने पॉवर वाढवून बसतो आणि वर ब्रेकला शिव्या घालतो. दुसरी, नॉच, म्हणजे पॉवरच्या दांड्याचा टप्पा. ब्रेक लावताना पॉवर खरंच शून्यावर आहे ना? काही इंजिनांत ब्रेक लागताच ओढ आपोआप तुटते, काहींत तुटत नाही. मग डबे थांबायला बघतात आणि इंजिन दोन नॉचवर ओढत राहतं. वेगाचा आकडा उतरतो, पण रडतखडत. असं दिसलं की आधी नॉचकडे नजर टाका.

काटा वाचायला शिका

नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण हवेचा ब्रेक उलट्या डोक्याचा आहे. गाडीभर गेलेल्या ब्रेक पाइपात दाब असतो तेव्हा ब्रेक सुटलेला असतो. दाब उतरवला की ब्रेक लागतो. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ साली ही रचना आणली. त्यातली खुबी अशी की कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तर पाइप फुटून हवा जाते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

आपल्या रेल्वेत ब्रेक पाइपचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो असतो, फीड पाइपचा, म्हणजे डब्यांखालच्या हवेच्या टाक्या भरणाऱ्या दुसऱ्या पाइपचा, ६. हलका ब्रेक म्हणजे ब्रेक पाइप साधारण अर्ध्या किलोने खाली, ४.५ च्या आसपास. फुल सर्व्हिस, म्हणजे नेहमीच्या वापरातला पूर्ण ब्रेक, दीड किलोच्या आसपास खाली, म्हणजे काटा साडेतीनवर. त्याच्याही खाली नेलं तर नेहमीच्या ब्रेकमध्ये फारशी भर पडत नाही, कारण ब्रेक सिलिंडरमध्ये (हवेच्या जोराने ब्रेक चाकांवर दाबतो तो) तोवर त्याचा कमाल दाब, ३.८ किलो, भरलेला असतो. बॅकस्पेस दाबून लावलेला इमर्जन्सी ब्रेक पाइप थेट रिकामा करतो. तो आणीबाणीसाठी आहे, स्टेशनसाठी नाही.

ओपन रेल्समध्ये एफ५ दाबलं की ब्रेकची ओळ दिसते: ब्रेक पाइप, ब्रेक सिलिंडर आणि गाडीच्या शेवटच्या टोकाचा दाब. आकडे नव्वद, सत्तर असे दिसत असतील तर ते पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहेत. ऑप्शन्समध्ये दाबाचं एकक बदलता येतं, किलो करून टाका. ५ आणि ६ डोक्यात पक्के बसले की काटा एका नजरेत वाचता येतो. मात्र तुमच्या इंजिनाची फाईल अमेरिकन इंजिनावरून उचललेली असेल, तर पाइपचा दाब ९० पीएसआय, म्हणजे सहा किलोच्या वर दिसेल. बिघडलं काही नाही, फक्त उतरण मोजताना सुरुवातीचा आकडा तो धरा.

ब्रेक लावायला अपॉस्ट्रॉफीची कळ, सोडायला सेमीकोलनची. इथे एक बारीक गोष्ट आहे. कळ किती वेळ दाबली यावरून ब्रेक मोजू नका. संगणक अडखळत असेल तर तेवढ्याच वेळात दांडा कमी-जास्त सरकतो. डोळे काट्यावर ठेवा, ४.५ आला की कळ सोडा.

ब्रेक लावला आणि ब्रेक लागला यांत वेळ जातो

माझा भाचा डोंबिवलीचा, अकरावीत आहे, सध्या याच खेळाने झपाटलाय. परवा शेजारी बसून त्याचं बघत होतो. २२ डब्यांची एक्स्प्रेस, ताशी ८० चा वेग, ठाणे जवळ येतंय. त्याने ब्रेक लावला, काटा ४.५ वर आला. वेगाचा आकडा ढिम्म. दोन सेकंदांतच त्याने आणखी दाबला, काटा ४ वर, मग साडेतीनवर. आणि मग सगळं एकदम अंगावर आलं: ८०, ७०, ५५. “मामा, आता अलीकडेच थांबणार ही!” म्हणत त्याने सगळा ब्रेक सोडला. गाडी मोकळी सुटली. फलाट सुरू झाला तेव्हा वेग ४५ होता, हातात ब्रेक नव्हता आणि पाइप अजून भरत होता. पुन्हा लावला, पण या वेळी तो पहिल्यासारखा धरेना. निम्मी गाडी फलाटाबाहेर.

“मी आधी लावला होता ना!” हे त्याचं म्हणणं खरंच होतं. लावला वेळेत होता. थांबून बघितलं नाही, एवढंच.

प्रवासी गाडीच्या डब्यात ब्रेक सिलिंडर पूर्ण भरायला ३ ते ५ सेकंद लागतात. शिवाय दाब उतरल्याचा निरोप पाइपातून पुढून मागे जातो, आणि एलएचबी या नव्या पद्धतीच्या २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे पाच सेकंदांत ८० मीटरच्या वर, आणि तोवर ब्रेकने नुसतं तोंड उघडलेलं असतं. मालगाडीची तर कथाच वेगळी. तिचे सिलिंडर भरायला १८ ते ३० सेकंद लागतात. ताशी ६० ने जाणारी मालगाडी तेवढ्यात ३०० ते ५०० मीटर पुढे गेलेली असते.

हे सगळं गिझरच्या नळासारखं आहे. गरम पाणी यायला वेळ लागतो म्हणून आपण नळ आणखी फिरवतो, आणि मग अंग भाजतं. उपाय तोच: थोडं फिरवा आणि थांबा. एक्स्प्रेसला पहिला ब्रेक अर्ध्या किलोचा लावला की मनात सावकाश पाचपर्यंत मोजायचं आणि तोवर कळेला हात लावायचा नाही. मग वेगाकडे बघायचं. हे एवढं पाळलं तरी बदलत्या चुकीचं दुखणं बरंचसं जातं.

सोडण्याचीही तीच गत. प्रवासी डब्यातून ब्रेक पूर्ण सुटायला १५ ते २० सेकंद लागतात, मालगाडीत ४५ ते ६०. सुटायच्या आत पॉवर दिली की गाडी हलत नाही, आणि ‘गेम अडकला’ अशी दुसरी तक्रार सुरू होते.

अंतराचं गणित, डब्यांच्या हिशेबात

आता मुख्य औषध. गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. डोळ्यांना हे कधीच कळत नाही, म्हणून तर अंदाज फसतो.

लोकलसाठी हा हिशेब सोपा करता येतो. ताशी वेगाचा वर्ग करा आणि १३ ने भागा. उत्तर मीटरमध्ये येतं. ६० ला ३६०० भागिले १३, म्हणजे २७७ मीटर. ३० ला ६९ मीटर. हे दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद वेग कमी होण्याच्या हिशेबाने आहे. लोकलच्या ब्रेकमध्ये याहून जास्त जोर असतो, त्यामुळे चुकलं तर सावरायला जागा उरते.

पण चालवताना भागाकार कोण करणार? म्हणून डबे मोजा. लोकलचा डबा साधारण २१ मीटरचा. थांबायच्या पाटीपासून किती डब्यांवर किती वेग हवा, ते असं येतं: ६० ला १३ डबे, ५० ला ९ डबे, ४० ला ६ डबे, ३० ला तीन डब्यांहून थोडं जास्त. बारा डब्यांच्या फलाटाची लांबी साधारण एका गाडीएवढी, आणि बारा डब्यांची पाटी फलाटाच्या पुढच्या टोकाकडे. म्हणजे मुरलेला मोटरमन ५०-६० च्या वेगाने फलाटात शिरतो आणि तरी बरोबर पाटीपाशी थांबतो, ते हातचलाखीने नाही, हिशेबाने.

तुम्ही अजून मुरलेले नाही, तेव्हा शिरतानाचा वेग ४५ ठेवा. फलाटाच्या मध्यावर ४० च्या वर नको. पाटी तीन डब्यांवर आली की ३० च्या आत. या तीन जागा पाळल्या की उरलेलं हलक्या हाताने निभतं.

पुढच्या वेळी लोकलने जाल तेव्हा अगदी पहिल्या डब्यात बसा. कानांनी कळतं: फलाट सुरू होण्याच्या आधीच हवेचा फुस्स आवाज येतो, मग अंग पुढे झुकतं, आणि गाडी थांबायच्या किंचित आधी ती ओढ सैल होते. गेममध्ये हाच क्रम जमवायचा आहे. शेवटची ती सैल करण्याची जागा ताशी १०-१२ च्या आसपास. तिथे ब्रेक थोडा सोडला नाही तर गाडी गचका देऊन थांबते.

एक्स्प्रेसला भाजक १३ नाही, ८ धरा. ताशी १०० ला १२५० मीटर, ६० ला ४५०. मालगाडीला ५ धरला तरी मी त्याला सढळ म्हणणार नाही: ६० ला ७२० मीटर, आणि वर सिलिंडर भरण्याचा वेळ वेगळा. नव्या गाडीवर जुनं दुखणं परत का येतं, ते या तीन आकड्यांत आहे. लोकलवर शिकलेला डोळा १३ च्या हिशेबाने बसलेला असतो.

अंतर बघायला ओपन रेल्समध्ये एफ४ चा ट्रॅक मॉनिटर आहे. पुढचा सिग्नल, वेगमर्यादा, फलाट, सगळं मीटरमध्ये दिसतं. त्यात आणखी एक आकडा असतो, तो नवखे बघतच नाहीत: आत्ताच्या लयीने एका मिनिटानंतर वेग किती असेल, तो. ब्रेक धरतोय की नाही हे वेगाच्या आकड्यापेक्षा तो आधी सांगतो. एक खबरदारी घ्या. मॉनिटरवरचं अंतर फलाटाच्या नेमक्या कुठल्या बिंदूपर्यंतचं आहे, ते प्रत्येक रूटवर एकदा तपासा. एका स्टेशनला हवं तिथे गाडी उभी करा, २ दाबून बाहेरून बघा आणि त्या वेळी आकडा काय दिसतोय ते लक्षात ठेवा. रूट बनवणाऱ्याने खूण कुठे ठेवलीय यावर ते बदलतं. ‘दर वेळी बरोबर दोन डबे पुढे’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच निघतं.

लावलेला ब्रेक अर्धा सोडता येतो का?

हे गाडीवर आणि सेटिंगवर आहे. ओपन रेल्सच्या ऑप्शन्समध्ये ग्रॅज्युएटेड रिलीज एअर ब्रेक्स नावाची टिक असते. ती लावली की ब्रेक थोडा थोडा सोडता येतो, प्रवासी गाड्यांसारखा. काढली की एकदा सोडायला घेतलेला ब्रेक पूर्ण सुटतो, मालगाड्यांच्या पद्धतीने. भाच्याच्या संगणकावर ती काढलेलीच होती. एक्स्प्रेस चालवतोय प्रवासी गाडीच्या मनाने आणि ब्रेक मालगाडीचा. मग गाडी सुटणार नाही तर काय! शिकताना ती टिक लावून ठेवा. गेम सोपा होतो म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. प्रवासी गाडीसाठी तेच जास्त खरं आहे.

मुंबईच्या लोकलमध्ये तर इलेक्ट्रो-न्यूमॅटिक ब्रेक असतो. निरोप तारेतून जातो, त्यामुळे सगळ्या डब्यांत ब्रेक एकदम लागतो आणि हवा तसा कमी-जास्त करता येतो. म्हणून सुरुवात लोकलनेच करावी असं मी सांगतो. हात बसायला तिच्याइतकी समजूतदार गाडी नाही.

तिसऱ्या स्टेशनला ब्रेक लागतच नाही

याचं उत्तर भाच्याच्या ठाण्यातच आहे. प्रत्येक डब्याखाली हवेची एक टाकी असते आणि ब्रेक लागतो तो त्या टाकीतल्या हवेवर. सोडल्यावर टाकी पुन्हा भरायला वेळ लागतो. भरायच्या आत परत लावला, परत सोडला, की दर वेळी टाकी आणखी रिकामी होते आणि ब्रेक मऊ पडत जातो. कळ दाबताय, काटा खाली येतोय, गाडी मात्र ऐकत नाही.

इलाज साधा आहे. एका स्टेशनला एकदाच ब्रेक लावायचा. फार तर एकदा वाढवायचा आणि शेवटी सैल करायचा. निघताना शेवटच्या डब्याचा दाब ५ च्या जवळ आल्याशिवाय पॉवर द्यायची नाही. इंजिनाच्या काट्यावर ५ दिसतो म्हणजे गाडी भरली, असं नाही; शेपूट मागे असते. इमर्जन्सी ब्रेक लागला असेल तर आधी नॉच शून्य, मग ब्रेकचा दांडा रिलीजला आणि मग धीर. सरावापुरतं थांबायचा कंटाळा आला तर ओपन रेल्समध्ये शिफ्टसोबत स्लॅशची कळ दाबली की ब्रेक झटक्यात पूर्ववत होतात. फसवणूक आहे, पण शिकताना चालते.

उतार, पाऊस आणि शेवटचं स्टेशन

वरचं सगळं गणित सपाट रुळाचं. शंभरात एकचा उतार असला की लोकलचं ६० चं २७७ मीटर अंतर साडेतीनशेच्या जवळ जातं. हार्बर मार्गावर सँडहर्स्ट रोडचे फलाट वरच्या पातळीवर आहेत आणि तिथून मशीदला गाडी खाली उतरते. अशा ठिकाणी बाकी सगळं जमलेला माणूसही एक-दोन डबे पुढे जातो आणि कारण सापडत नाही. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी हे दोन्ही घाट तर सदतिसात एकचे. तिथे उतरताना तेच २७७ मीटर दुपटीच्या पुढे, सहाशेच्या घरात जातात. घाटात हवेच्या ब्रेकवर गाडी तोलून धरू नका, टाक्या रिकाम्या होतील. इंजिनाला डायनॅमिक ब्रेक (हवेऐवजी इंजिनाच्या मोटरींनीच वेग रोखणारा) असेल तर त्याने वेग धरून ठेवा. ओपन रेल्समध्ये पूर्णविरामाच्या कळेने तो वाढतो, स्वल्पविरामाच्या कळेने कमी होतो. थांबायला मात्र हवाच लागते. जुन्या डिझेल इंजिनांचा डायनॅमिक ब्रेक वेग उतरला की नांगी टाकतो.

पावसाळी हवामान निवडलं असेल तर रुळाची पकड कमी होते, हे लक्षात ठेवा आणि जुलैतल्या मुंबईचा हट्ट शिकताना सोडा. चाकं घसरायला लागली की एक्स दाबून वाळू टाकता येते.

सीएसएमटी, चर्चगेट अशा टोकाच्या स्टेशनांना डबे मोजायचे नाहीतच. शिरतानाच वेग ३० च्या आत आणा आणि पुढे उतरवत न्या. तिथे पुढे जायला रूळच नसतो. जून २०१५ मध्ये चर्चगेटला एक लोकल बफरला धडकून थेट फलाटावर चढली होती, ती दृश्यं अनेकांना आठवत असतील.

सराव आणि शेवटचा संशय

पूर्ण फेऱ्या मारून हे सुधारत नाही. एका फेरीत थांबण्याचा सराव मोजकाच मिळतो आणि बाकीचा वेळ नुसता जातो. एक स्टेशन निवडा, त्याच्या दोन किलोमीटर आधी एफ२ दाबून सेव्ह करा आणि तेवढाच तुकडा परत परत चालवा. आधी ४० च्या वेगाने, ते पाटीपाशी बसलं की ५०, मग ६०. एका वेळी एकच गोष्ट बदला. वेगही वाढवला आणि गाडीही बदलली, की काय बिघडलं ते कळत नाही.

आणि इतकं करूनही गाडी ऐकत नसेल तर दोष तुमचा नसण्याची शक्यता मोठी आहे. हौशी मंडळींनी बनवलेल्या काही डब्यांच्या फाईलमध्ये ब्रेकचा जोर किंवा वजन चुकीचं भरलेलं असतं. ते पकडायची चाचणी सोपी आहे. सपाट रूळ शोधा, प्रवासी गाडी ताशी ६० ला न्या, नॉच शून्य करा, फुल सर्व्हिस लावा आणि ट्रॅक मॉनिटरवर अंतर मोजा. तीनशे-साडेचारशे मीटरमध्ये थांबली तर गाडी ठीक आहे. सातशेच्या पुढे गेली तर ते डबे बदला आणि त्याच इंजिनाला दुसरे जोडून तीच चाचणी घ्या. उलट शंभर मीटरमध्येच खुंट्यासारखी उभी राहिली, तर ती फाईलही तितकीच चुकीची. तिच्यावर शिकलेला हात खऱ्या वजनाच्या गाडीवर पुन्हा फलाटाबाहेर जाईल.